निपाणीचा खोकला

आमच्या शाळेतली मुलं प्रत्येकाला खुणेचं नाव ठेवत. हेडमास्तरांना टक्कल होतं, म्हणून डोक्यावरून तळवा सपाट फिरवला की हेडमास्तर. मी वसतिगृह सांभाळत असे. कमरेवर दोन्ही हात ठेवून गाल फुगवले की ती मी. कमरेवरचे हात मला कबूल होते, कारण पाण्याच्या घागरी आणि मुतलेल्या गाद्या उचलून माझी कंबर कायमची धरलेली असे. गाल का फुगवायचे, हे मात्र मी कधी विचारलं नाही. आणि दोन बोटं कंठमण्यावर टेकवली की मास्तर.

ही मुक्याबहिऱ्या मुलांची शाळा होती. बेळगावात खडेबाजाराच्या मागे एका दुमजली भाड्याच्या घरात ती भरायची. खाली वर्ग आणि स्वयंपाकघर, वर मुलांच्या पथाऱ्या. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या दिवसांतली ही गोष्ट. हेडमास्तर कागदपत्रं बघत, वर्गणीदारांना भेटत. मोठ्या मुलांना ते शिवणकाम शिकवत. मुलांना तोंडाने बोलायला शिकवायचं काम मात्र एकटे मास्तर करत. त्यासाठी ते मुंबईला जाऊन शिकून आले होते, आणि ते काम येणारा दुसरा माणूस सगळ्या जिल्ह्यात नव्हता.

माणूस उंच, काटकुळा, नाक पुढे आलेलं. बेळगावची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको. माघापर्यंत सगळा गाव कानाला मफलर गुंडाळून हिंडतो. हे गृहस्थ मात्र सदऱ्याची वरची तीन बटणं उघडी टाकून खुशाल फिरत. मी एकदा म्हटलं, “मास्तर, गळा झाका की. गार वारं लागतंय.”

“गळा झाकला तर पोरांनी वाचायचं काय?” ते म्हणाले.

त्या गळ्याचे त्यांनी लाड तरी किती करावेत! सकाळी उठल्याबरोबर चमचाभर कोमट तूप. खिशात ज्येष्ठमधाची काडी. तिखटाला शिवायचं नाही. बेळगावात राहून मिरचीचं नाव न काढणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. आमची स्वयंपाकीण त्यांची आमटी वेगळी काढून ठेवायची आणि वाढताना रोज न चुकता म्हणायची, “घ्या, बाळंतिणीचं जेवण आलं.” जेवताना ते बोलत नसत. हसतही नसत. हसण्यात आवाज फुकट जातो, असं त्यांचं म्हणणं होतं.

बोलत तेव्हा तोंड एवढं मोठं उघडून, ओठ ताणून, एकेक अक्षर सुटं करून बोलत. मुलांसमोर ते ठीक होतं, पण खडेबाजारात वांगी घ्यायलाही तोच प्रकार. ती भाजीवाली त्यांना बहिरे समजायची. ते “ता-जी आ-हेत का?” असं विचारायचे आणि ती बिचारी हातवारे करून भाव सांगायची. असं वर्षानुवर्षं चाललं. मी एकदा तिला सांगितलं, की बाई, त्यांना चांगलं ऐकू येतं. तर ती माझ्यावरच उखडली. “गरिबाची चेष्टा करू नगा वो,” म्हणाली.

त्यांचा वर्ग म्हणजे एक बुटकं स्टूल, त्याच्यासमोर दुसरं बुटकं स्टूल आणि बाजूला भिंतीला टेकवलेला आरसा. एका वेळी एकच मूल. मास्तरांचे गुडघे मुलाच्या गुडघ्यांना लागलेले, तोंडासमोर तोंड, मध्ये वीतभर अंतर. मुलाचा एक तळवा मास्तरांच्या छातीवर आणि दुसरा त्याच्या स्वतःच्या छातीवर. मास्तर “आ” म्हणत, तेव्हा त्यांची छाती थरथरे. ती थरथर मुलाने आपल्या छातीत शोधून काढायची. “प” शिकवताना मूल हाताची पाठ मास्तरांच्या ओठांसमोर धरी, म्हणजे हवेचा फटका लागे. “ई” सगळ्यांत अवघड. त्याची थरथर टाळूवर, डोक्याच्या मध्यावर लागते. मास्तर मान वाकवून स्वतःचं डोकं मुलाच्या हाती देत. दिवसाचे सहा तास हे चाले. मुलांच्या तोंडचे थेंब त्यांच्या तोंडावर उडत, त्यांचे मुलांच्या. संध्याकाळी स्टुलावरून उठताना त्यांच्या पायांत मुंग्या आलेल्या असत, मग भिंतीला धरून ते पाच मिनिटं तसेच उभे राहत.

मूल घेताना ते आईबापांना पहिला प्रश्न विचारत, “घरात आईला काय म्हणता?” कानडी घरातलं मूल असेल तर “अव्वा” शिकवत, मराठी घरातलं असेल तर “आई”. आमच्या कमिटीत शाळा कानडी की मराठी, यावर वाद होत. मास्तर त्या सभेला गेले की खिडकीबाहेर बघत बसत.

त्या कमिटीतल्या एका वकीलसाहेबांची गोष्ट सांगते. शाळा बघायला आलेल्या प्रत्येकाला एक खोड असायची. मुलाच्या मागे जाऊन टाळी वाजवून बघायचं, खरंच बहिरं आहे का. वकीलसाहेबांनी गंगीच्या मागे उभं राहून तीनदा टाळी वाजवली. गंगी ही नंदगडची आठ-नऊ वर्षांची पोरगी, नुकतीच आलेली. ती आपली समोर बघत उभी. मास्तर स्वयंपाकघरात गेले, पितळी परात आणि लाटणं घेऊन आले, आणि वकीलसाहेबांच्या कानामागे असा काही दणका दिला की त्यांचा डोक्याला बांधलेला रुमाल खाली आला.

“तुम्हाला ऐकू येतंय,” मास्तर म्हणाले. “तुमची भरती हितं व्हनार न्हाय.”

गंगीला काय झालं ते दिसलं आणि ती खदखदून हसली. त्याबरोबर मास्तरांनी परात टाकून दिली आणि तिच्या छातीला तळवा लावला. “आक्का, बघा हो, हिच्यात आवाज हाय!” मला त्यांनी जबरदस्तीने हात लावायला लावला. वकीलसाहेब रागाने निघून गेले, पुढे दोन महिने हेडमास्तर त्यांच्याकडे खेटे घालत होते. मास्तरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

आता खोकल्याकडे वळते. लांबण लावतेय ते मला कळतंय.

मी निपाणीची आणि मास्तरही निपाणीचेच. त्या काळी निपाणी म्हणजे तंबाखू. वखारींत तंबाखू कुटायची, चाळायची, आणि ती धूळ सगळ्या गावावर उडायची. आमच्याकडे प्रत्येक घरात खोकला असे. मास्तरांची आई वखारीत कामाला होती आणि त्यांना पाठीशी बांधून न्यायची. बोलायच्या आधी एकदा “खक्” करून घसा मोकळा करायचा, ही आमच्या गावाची सवयच. मास्तर तसं करत. माझे वडील करत. मला ते कधी ऐकूही आलं नाही, घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येत नाही तसं.

महिन्यातून एकदा डॉक्टर येऊन मुलांची वजनं घेत, जिभा, नखं, डोळे बघत. आम्हाला कुणी कधी “जीभ दाखवा” म्हटलं नाही. माझी कंबर, स्वयंपाकिणीचे धुराने गेलेले डोळे, मास्तरांची छाती, ही शाळेची बाब नव्हती. आम्हालाही तसं वाटत नसे. आजारी मुलांना बघायला आलेल्या माणसापुढे आपलं दुखणं काय काढायचं?

एका पावसाळ्यात हेडमास्तरांनी मला विचारलं, “आक्का, मास्तरांचा खोकला वाढल्यासारखा वाटतो. डॉक्टरांना दाखवूया का?”

“तो निपाणीचा खोकला आहे साहेब,” मी हसून म्हटलं. “आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाबी असतो. त्याला औषध नसतंय.”

मी गावची, म्हणून त्यांनी माझा शब्द मानला. तेव्हा मीही ते खरंच समजत होते.

श्रावणात एका दुपारी मी मागच्या विहिरीवर गेले. मास्तर दगडावर रुमाल धूत बसले होते. रुमाल ते स्वतःच धुवायचे. त्यांच्या अनेक विक्षिप्तपणांतला एक म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. दगडावरून वाहणारं पाणी लाल होतं.

“हे काय मास्तर?”

“निपाणीच्या न्हवं तुम्ही? खोकला वळखत न्हाय व्हय?”

“आमच्या खोकल्यात रगत नसतंय.”

त्यांनी रुमाल पिळून दगडावर टाकला. मग म्हणाले, “दिवाळीला किती दिवस ऱ्हायले?”

“अडीच म्हैने.”

“तेवढं गप ऱ्हावा आक्का. दिवाळी झाली की मी माझ्या पायानं जातो.”

दिवाळी कशासाठी, ते मला ठाऊक होतं. गंगीचा बाप जोंधळ्याचं पोतं घेऊन आला होता तेव्हा वर्गाच्या दारात उभं राहून सांगून गेला होता, “दिवाळीपतोर पोरगी बोलली तर ठेवतो. न्हायतर नेतो. म्हशीमागं जायाला बोलाय कशाला लागतंय?” गंगीचा “आ” महिन्यात आला होता. “ई” येत नव्हता. मास्तर रोज मान वाकवून डोकं तिच्या हाती देत आणि ती डोळे मिटून त्यांच्या टाळूवर हात ठेवून बसे. हातांना कळायचं, तोंडाला यायचं नाही.

आता मास्तरांनी वर्ग सोडला असता तर गंगी गेली असती, आणि तिच्यामागून दुसरीही मुलं गेली असती. शाळेत शिवणकाम तेवढं उरलं असतं. मी हा हिशोब केला. मास्तरांचा तांब्या-पेला वेगळा ठेवला, रोज स्वतः उकळत्या पाण्यातून काढला, त्यांची पथारी बाहेरच्या पडवीत घातली. खोकताना ते तोंड फिरवत, रुमाल लावत. पण वर्गात समोरासमोर वीतभर अंतर, त्याला मी काय करणार होते? हेडमास्तरांनी भाद्रपदात मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, “निपाणीचा खोकला.” पहिल्या वेळी ती माझी चूक होती. या वेळी मी खोटं बोलले, आणि त्याबद्दल मला कुणाला दोष देता येत नाही.

गंगीचा “ई” नवरात्रात आला. मास्तर वर्गातून धावत स्वयंपाकघरात आले. तोंडातून शब्द फुटेना, नुसते टाळूवर बोट ठेवून नाचत होते. स्वयंपाकीण म्हणाली, “आता ह्यास्नीबी शिकवाय लागतंय वाटतं बोलाय.”

दिवाळीच्या सुट्टीला मुलांना न्यायला आईबाप आले. मास्तरांनी पाच मुलं ओळीत उभी केली. गंगीची आई पुढे बसली होती, नंदगडहून पहाटेच निघून आलेली, डोकीवरचा पदर दातात धरून. गंगीने एक तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला, आईकडे बघितलं आणि म्हणाली,

“खक्. आ-ई.”

ती माउली उठलीच. पोरीला कवटाळून ती मोठ्याने रडायला लागली. हेडमास्तर टाळ्या वाजवत होते. मग दुसरा मुलगा पुढे आला. तो हुक्केरीकडचा, कानडी. “खक्. अव्वा.” तिसरा. “खक्. आई.” पाचही मुलं तशीच बोलली. पाचांचा खोकला एकसारखा, आखूड, कोरडा, शब्दाच्या बरोबर आधी.

त्या मुलांना कान नव्हते. तळहाताला जे कळे, तेवढंच त्यांना कळे. मास्तरांच्या छातीला आधी एक धक्का बसतो आणि मग ती थरथरते, हे त्यांनी शेकडो वेळा हाताने वाचलं होतं. त्यांच्या लेखी तो धक्का म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर. मास्तरांना स्वतःचा खोकला ऐकू येत नव्हता आणि मला तर निपाणीमुळे कुणाचाच येत नव्हता. दुसरा कुणी त्या वर्गात पाय ठेवत नव्हता.

मी मास्तरांकडे बघितलं. ते कंठमण्यावर दोन बोटं ठेवून उभे होते.

“आक्का,” ते हळूच म्हणाले, “ह्यो मी शिकवला.”

गंगीच्या आईने ते ऐकलं. तिला काय समजलं कोण जाणे. डोळे पुसत ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की वो मास्तर. तसंबी लई ग्वाड वाटतंय.”

दिवाळी झाली. मास्तर जायचे होते, पण गेले नाहीत. “हे पुसल्याबिगर कसा जाऊ?” एवढंच म्हणाले. मुलं परत आली, गंगीही आली. मास्तर पुन्हा स्टुलावर बसले. मुलाचा तळवा छातीवर असेतोवर खोकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मी दारातून बघत असे. खोकला वर येई, मास्तर तो गिळत, कपाळाची शीर तटतटून उभी राही, डोळे पाण्याने भरत आणि मग त्यातून “आ” काढत. मूल तो “आ” वाचे, आणि आधी स्वतः इमानाने “खक्” करून मग म्हणे. मास्तर मान हलवत. पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, “मास्तर, बास करा. मी पाया पडते.”

“चार दिस आक्का. ह्यांच्या तोंडात माझं दुखणं ठेवून जाऊ व्हय?”

आठव्या दिवशी ते गंगीला घेऊन बसले होते. खोकला गिळता गिळता एकदम उसळला. रुमाल खिशातून काढायला वेळ मिळाला नाही, तोंड मात्र त्यांनी आरशाकडे फिरवलं. सगळा आरसा लाल झाला. गंगी उठली आणि परकराच्या टोकाने तो पुसायला लागली. मी ओरडत धावले, पण तिला माझं ओरडणं कुठून ऐकू येणार?

मास्तरांच्या भावाने त्यांना मिरजेच्या बाजूला क्षयाच्या दवाखान्यात नेलं. संक्रांतीच्या आधीच ते गेल्याचं पत्र आलं. पत्र वाचून झाल्यावर हेडमास्तरांनी मला विचारलं, “आक्का, तुम्हाला ठाऊक होतं?”

“व्हय,” मी म्हटलं.

त्यांनी पत्राची घडी करून खणात ठेवली. मला घालवून देतील असं वाटलं होतं, आणि दिलं असतं तर बरं झालं असतं. पण मास्तरांचं काम मी चार वर्षं दारातून बघितलं होतं, आणि तेवढंही बघितलेलं दुसरं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी बुटक्या स्टुलावर बसले. माझी छाती डॉक्टरांनी नळी लावून तपासली, पोरांच्याही तपासल्या. “सध्या काही नाही,” ते म्हणाले. त्यातला “सध्या” मी ऐकलाच नाही.

नवं अक्षर शिकवायची माझी पात्रता नव्हती. मी फक्त खोकला पुसायचा असं ठरवलं. मास्तरांचं तेवढं एक काम राहिलं होतं. मूल “खक्” करून बोललं की मी त्याच्या ओठांवर बोट ठेवी, डोळे वटारी, कधी चिमटाही काढी. नुसता शब्द आला की गुळाचा खडा. मुलं गुळासाठी काहीही करतात. पौषात दोघांचा खोकला गेला, माघात आणखी दोघांचा. गंगी तेवढी मागे राहिली. तिच्यावर मी जास्त कडक झाले. मास्तरांचा सगळ्यात जास्त जीव हिच्यावर होता आणि ही पोरगी हट्टाने त्यांचं दुखणं धरून बसली आहे, असा मला राग यायचा. मी तिला फार रागावले. शिमग्याच्या सुमाराला तिचाही खोकला थांबला. त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी मुलं पडवीत जेवायला बसली होती. गंगी ओळ सोडून खांबाआड भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी मागून गेले. भाकरी ताटात तशीच. दोन्ही तळवे तिने तोंडावर घट्ट दाबून धरले होते आणि खांदे हादरत होते. आवाज जवळजवळ येत नव्हता. बराच वेळ तिचं ते चाललं होतं. थांबल्यावर तिने मान वळवली, मी दिसले, आणि ती भेदरली.

जेवताना कुणी शब्द म्हणत नाही. जेवताना खोकायचं तिला काही कारण नव्हतं.

तिला वाटलं, मी रागावणार. तिने घाईघाईने परकराला हात पुसले, माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “आई.” शब्दाआधी काही नाही, शब्दानंतर काही नाही. इतकं स्वच्छ “आई” आमच्या शाळेत तोवर कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या तळव्याखाली मात्र तिची छाती घरघरत होती, आणि कढत होती.

ती गुळासाठी हात पुढे करून उभी राहिली. मी ओच्यातून खडा काढून तिच्या हातावर ठेवला. खोकला दाबायला मी तिला दोन महिने शिकवत होते, आणि पोरगी ते चांगलं शिकली होती.